काकाजींचा स्वतःचा आवाज

रविवारी टीव्हीवर अचानक काकाजी दिसले, हॉटेलातल्या वेंधळ्या वेटरच्या कामात. सात-आठ चित्रपट केले, पण पाट्यांत नाव कधी आलं नाही. बोलणं वऱ्हाडी, म्हणून आवाजही दुसऱ्याचाच बसवत.

हाच चित्रपट मी हिंगणघाटच्या टॉकीजमध्ये त्यांच्या शेजारी बसून पाहिला होता. लोक खदाखदा हसत होते. काकाजी माझ्या कानाशी वाकले आणि शूटिंगला म्हटलेलं वाक्य आपल्या आवाजात म्हणाले, "चहा गरमच होता जी, तुमाले पाहून थंडा पडला!"

"चूप बसा ना काकाजी, पिक्चर पाहू द्या मले!"

ते लगेच गप्प झाले.

आता ते नाहीत, आणि त्यांचा आवाज कुणाकडेच नाही. रविवारी मी टीव्ही मुका केला आणि त्यांचे ओठ पाहत राहिले.