निपाणीच्या दोस्ताला पोचणारं अ‍ॅप

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज गेला तो घशाच्या ऑपरेशननंतर. जीव वाचला, बोलणं थांबलं. उद्यमबागच्या एका फाउंड्रीत सगळी नोकरी झाल्यामुळं आप्पा घरातही मशीनच्या आवाजावर ओरडल्यासारखे बोलायचे. येळ्ळूरच्या आमच्या गल्लीत त्यांनी आईला हाक मारली की शेजारणी ओ द्यायच्या. तो माणूस पाटीवर लिहून चहा मागू लागला तेव्हा घर नको इतकं शांत झालं.

घरातल्या घरात पाटी चालायची. अडलं ते एका माणसापाशी. फाउंड्रीत आप्पांच्या शेजारी उभं राहून काम केलेला त्यांचा दोस्त निवृत्त झाल्यावर निपाणीजवळ आपल्या गावी परत गेला होता. संध्याकाळी दोघांचा फोन ठरलेला. ऑपरेशननंतरही त्याचा फोन यायचा. आई तब्येत सांगायची आणि आप्पा बाजूला बसून ऐकायचे. मोबाईलवर मेसेज लिहायचा प्रयत्न त्यांनी केला, पण लोखंडात राबलेली बोटं जाड. ‘बरा हाय’ लिहायला जावं तर भलतंच उमटायचं. मग फोन गादीवर आपटायचे.

म्हणून मी टॅब घेतला. दुकानदारानं कानडीतच सगळं समजावलं, मराठी कीबोर्ड घालून दिला, अक्षरं मोठी केली. रविवारी अनगोळच्या माझ्या घरून मी तो घेऊन येळ्ळूरला गेले. आप्पांनी एकेक अक्षर दाबून बघितलं आणि मान डोलावली. आता मेसेज कुठल्या अ‍ॅपमधून पाठवायचा, तेवढं ठरायचं होतं.

पहिलं अ‍ॅप टॅबवर चालू केलं तर ते आप्पांच्या मोबाईलवर बंद पडलं. त्याच मोबाईलवर येणारे बहिणींचे फोटो आईला दिसेनात. तिनं लगेच फर्मान काढलं, “पयलं हुतं तसं कर गं बाई.” दुसरं अ‍ॅप दोन्हीकडं छान चाललं. मी खूश झाले. आप्पांनी मात्र पाटी ओढली आणि लिहिलं, ‘त्याच्याकडं बटणाचा फोन हाय.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या अ‍ॅपमधला मेसेज ज्याच्याकडं तेच अ‍ॅप असेल त्यालाच पोचणार. बटणाच्या फोनला लागतो तो साधा मेसेज, आणि टॅबमध्ये तर सिम नाही. “काकांना नवीन फोन घ्यायला सांगू या?” मी विचारलं. आप्पांनी पाटीवर मोठ्ठं ‘न्हाय’ लिहिलं. दोस्ताचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

सोमवारी ऑफिसात शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मी इथं कॉम्प्युटरवरून साधेच मेसेज पाठवते की. फोन असतो माझ्या पर्समध्ये.” तिनं ते अ‍ॅप दाखवलं. स्क्रीनवरचा ठिपक्यांचा चौकोन फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा, की फोनमधले मेसेज इकडं उघडतात. लिहायचं इकडं, जातं फोनवरूनच. फोन चालू आणि नेटवर हवा, एवढीच अट.

त्याच संध्याकाळी मी बस धरून येळ्ळूर गाठलं. आप्पांचा फोन टीव्हीच्या कपाटावर चार्जिंगला लावला आणि टॅब त्याला जोडून त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘जेवलास काय?’ पाठवलं. आम्ही तिघं टॅबकडं बघत बसलो.

उत्तर आलं ते फोनच्या रिंगनंच. मी स्पीकर लावला.

“आरं, तूच लिव्हलास काय रं? का पोरीनं लिव्हलं?”

आप्पांनी टाइप केलं, ‘मीच.’ पलीकडं टुंग वाजलं. फोन कानावरून काढून काका वाचत असावेत. मग पलीकडून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. “व्हय व्हय! थांब, चष्मा घिऊ दे.”

तेव्हापासून त्यांचं असंच चालतं. काका बोलतात, आप्पा लिहितात. काका वाचेपर्यंत थांबायचं, ही आप्पांच्या आयुष्यातली नवीच गोष्ट. पूर्वी दोघं एकदमच बोलायचे. एकदा कुठल्याशा जुन्या फोरमनवरून वाद पेटला, तर आप्पा इतक्या जोरात टाइप करू लागले की आई म्हणाली, “काच फुटंल, दमानं!” आप्पा आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते.

गेल्या महिन्यात काका स्वतःच आले. चष्मा घरी विसरलेले. आप्पा टॅबवर लिहीत आणि आई काकांना वाचून दाखवी. थोड्या वेळानं ती वाचता वाचता मध्येच थांबली.

“काय लिव्हलंय, वैनी?” काकांनी विचारलं.

“म्हणत्यात, हिच्या हातची आमटी आता लई पातळ झालीया.” आईनं टॅब आप्पांच्या मांडीवर ठेवून दिला. “माझ्याच आमटीला नावं ठेवायची आनि मीच वाचून दाखवायची व्हय?”

काका पोट धरून हसले. आई पदर खोचून आत गेली, आणि आप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावून पुढचं वाचायला सांगितलं.