‘जिंदाबाद’वर थांबा!

दातवाल्या ताई माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघत, आधी त्याच्या तोंडात बघत. दवाखाना आमच्या मिल कामगारांच्या वस्तीत, परदेशीपुऱ्यात, पण तपासणी कुठंही चाले: भाजीच्या ठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, टेंपोत. पर्समध्ये टॉर्च कायम. एका मुंजीत तर त्यांनी भटजींचे मंत्र थांबवून त्यांना जीभ वर करायला लावली होती.

दवाखान्यासमोर पताशेवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, उभा राही. पानीपताशा अख्खा तोंडात न घालता जो तोडून खाई, त्याला ताई खिडकीतूनच पकडत.

"ओ भिया! तोंड पूरं उघडत नाही ना? गुटख्याची पुडी खाता ना? आत या, फुकट आहे!"

पताशेवाला वैतागे. "डॉक्टरसाहब, मेरे ग्राहक तो छोड़ दो!"

"ज़िंदा रहेंगे तो रोज़ आएँगे," ताई म्हणत.

तेव्हा आमची मिल बंद पडली होती. मी तिथं विणाई खात्यात कारकून. दिवसभर गेटवर धरणं, हाताला काम नाही, आणि ठेल्याठेल्यावर गुटख्याच्या चमचमत्या पुड्यांच्या माळा नव्यानंच लटकू लागलेल्या. मीही दिवसाला आठ-दहा रिचवू लागलो. भूकही मरे.

एका दुपारी ताई लूना उडवत गेटवर आल्या. आम्हाला वाटलं, पाठिंबा द्यायला.

"घोषणा द्या हो! जोरात!"

"मजदूर एकता, जिंदाबा..."

"बस! ‘बा’वर थांबा! कोणी मिटायचं नाही!"

शंभरेक माणसं आ वासून उभी, आणि ताई टॉर्च घेऊन रांगेतून फिरताहेत! बंदोबस्ताचा हवालदार हसून हसून खाली बसला, तर त्याचंही तोंड तपासून झालं. माझ्यापाशी मात्र त्या थांबल्या. माझा गाल बाजूला ओढून पुन्हा टॉर्च मारला. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"पांढरा डाग आहे. कधीपासून?"

"माहीत नाही, ताई. दुखत नाही."

"दुखत नाही म्हणून तर मी फिरते. उद्या वहिनींना घेऊन या."

डागाचा तुकडा तपासायला गेला. ते आठ दिवस घरात भांडंसुद्धा वाजलं नाही. नवव्या दिवशी लूनाचा हॉर्न ऐकू आला. ताई दारातूनच ओरडल्या, "वहिनी, शिरा करा! कॅन्सर नाही! पण त्यानं घर बघून ठेवलंय. आता पुडी खाल्ली, तर मी दात नाही, भियांचा जबडाच काढीन!"

बायको एकीकडे रडत होती, एकीकडे रवा भाजत होती. साखरेऐवजी मीठ पडलं. तो शिरा आम्ही तिघांनी हसत हसत संपवला.

डाग ताईंनी पुढं काढवून घेतला. दर तीन महिन्यांनी मला खुर्चीत बसवत राहिल्या. पुडी सुटली, पहिले काही महिने मी बकरीसारखा सतत बडीशेप चघळत असे. मिल काही उघडली नाही. मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात लागलो.

म्हातारपणी ताई मुलीकडे बडोद्याला गेल्या. गेल्या वर्षी मुलीचा फोन आला. "काका, आई गेली."

मग ती सांगू लागली. "शेवटी तिला बोलता येत नव्हतं. वॉर्डबॉयना खुणेनं जवळ बोलवायची. त्यांना वाटायचं, पाणी हवंय. ते वाकले, की ही त्यांच्या खिशात हळूच हात..."

ती हसायला लागली. मग मीही.

"काका, उशीखालून तीन पुड्या निघाल्या!"