बाटलीतली खळ

कडककाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं, आणि त्यांनी खळ घालून इस्त्री केलेला सदरा म्हणे खुंटीशिवाय उभा राहायचा. वकील, मास्तर, नवरदेव, सगळे त्यांच्याकडेच कपडे टाकायचे. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, बायको आधीच गेली होती. काकांनी दुकान विकलं आणि मुलाच्या दोन खोल्यांत राहायला आले. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी कमी, रस्त्यावर जास्त. त्यामुळे घरात बहुतेक वेळ दोघंच, काका आणि सून.

सून डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायची. स्वभावाने गाय, पण केस मात्र बंडखोर. दाट, काळे, मुळापासून कुरळे. शाळेत पोरं तिला ‘घरटं’ म्हणायची. आईने तेल थापून, वेणी आवळून ते घरटं मोडायचा जन्मभर प्रयत्न केला. पार्लरवाली म्हणाली, “सरळच करून टाका ना, कटकट मिटेल.” दुकानातलं जेल लावलं तर डोकं रात्रंदिवस खाजायचं. शेवटी कुठलेसे व्हिडिओ बघून तिने स्वतःच घरी जेल करायला घेतलं.

मूठभर जवस पाण्यात उकळायचा. पाण्याला तार आली, चमचा उचलल्यावर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं लोंबायला लागलं की लगेच गॅस बंद. जरा उशीर झाला की सगळा गोळा होतो आणि फडक्यातून थेंब गळत नाही. गरम असतानाच जुन्या मलमलीतून पिळून काढायचं. त्यात कोरफडीचा गर घोटून घालायचा, वासाला लव्हेंडरच्या तेलाचे दोन-चार थेंब. न्हाऊन आल्यावर ओल्या केसांना ते चोपडून ती खाली वाकायची आणि केस ओंजळीत घेऊन वर वर चुरगाळायची. वाळले की एकेक कुरळी बट वेगळी, मऊ, मोजून घ्यावी अशी.

“सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही,” काका पेपरामागून म्हणायचे.

“पीळ राहावा म्हणूनच चाललंय, बाबा,” सून हसायची.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. हे जेल आठवड्यात नासतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. फ्रिज टीचभर. वरचा अख्खा खण सुनेच्या बाटल्यांनी भरलेला. एके सकाळी काकांना त्यांचं दुधाचं पातेलं तिथे मावेना, तेव्हा ते बोलून गेले, “हा फ्रिज माणसांसाठी आहे की केसांसाठी?”

सून वळून म्हणाली, “बाबा, या घरात तेवढा एक खण माझा आहे.”

तिने आवाजही चढवला नव्हता. पण काकांना ते लागलं. घर मुलाचं, चूल सुनेची आणि आपण पाहुणे, असं काहीबाही मनात घोळवत ते दिवसभर फुगून बसले.

त्याच दुपारी सुनेला सुट्टी होती. दवाखान्यातल्या सिस्टरसाठी ती जेल करत होती. सिस्टर तिची जिवाभावाची मैत्रीण, तिचेही केस तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरची एका मोठ्या इस्पितळात मुलाखत होती, मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी. “आयुष्यभर पिना खुपसून केस लपवलेत,” ती म्हणाली होती. “उद्या मोकळे सोडून जाणार. तुझ्या जेलच्या भरवशावर.” सुनेने डब्यातला होता नव्हता तो जवस घातला, बाटली भरली, अजून कोमट होतं म्हणून झाकण नुसतं टेकवलं, वर जागा नव्हती म्हणून फ्रिजच्या खालच्या खणात दुधापुढे ठेवली आणि ब्लाउजच्या मापासाठी शिंपिणीकडे गेली.

काका चहासाठी दूध काढायला उठले. पातेलं मागे, बाटली पुढे. त्यांनी बाटली कोपराने सारली, ती सरली ती थेट खाली. फरशीवर बुळबुळीत तळं झालं. ते हाताने गोळा करू लागले, पण ते का हातात राहतंय?

खरं तर साधी गोष्ट होती. ‘सांडलं’ म्हणायचं, दोन शब्द ऐकून घ्यायचे, संपलं. पण सकाळच्या बोलण्यानंतर तिला वाटणार, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाटली पडली त्या क्षणी काकांना आतून थोडंसं बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. ते त्यांचं त्यांना कळलं, आणि मग सांगायचं धाडस होईना.

त्यांनी फरशी पुसली. डबा उघडला, जवस नाही. वरच्या खणातल्या बाटल्यांना हात लावला असता तर तिला लगेच कळलं असतं. मग त्यांचे हात आपोआप साबुदाण्याच्या पिठाकडे गेले. जन्मभर खळ केलेला माणूस. पीठ थंड पाण्यात कालवलं, मंद आचेवर ढवळलं, पार आरपार दिसेपर्यंत शिजवलं. गाळलं, बाटलीत भरलं, लव्हेंडरचे थेंब टाकले. उजेडात धरून पाहिलं तर हुबेहूब. कपड्याला चालतं ते केसाला चालेल, दोघांनाही ताठच राहायचं असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. संध्याकाळी सिस्टर आली आणि बाटली घेऊन गेली. जाताना म्हणाली, “काका, आशीर्वाद द्या.” काकांनी दिला.

दुसऱ्या दिवशी सून घरी आली ती चप्पल न काढताच बसली. सिस्टरचे केस आधी ताठ झाले होते, काड्यांसारखे. मग मुलाखतीत तिने मान हलवली आणि खांद्यावर पांढरा भुगा पडायला लागला. गडद निळ्या कपड्यांवर. समोर बसलेल्यांपैकी एका बाईंनी विचारलं होतं, “डोक्यात काही आजार आहे का?” जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. सिस्टर सुनेला फक्त म्हणाली, “तुझ्यावर विश्वास ठेवला गं,” आणि त्यानंतर कामापुरतंच बोलायला लागली.

“माझंच काहीतरी चुकलं, बाबा,” सून म्हणाली. “फडकं घाण होतं की काय कोण जाणे. माझ्या हातालाच यश नाही.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. काका म्हणाले, “असू दे गं. चुका माणसाकडूनच होतात.”

हे वाक्य त्यांना पुढे घास गिळू देईना. सुनेने मलमलीचं फडकं फेकून दिलं. पातेलं चिंचेने घासलं, परत घासलं. बाटल्या काढल्या, खण रिकामा झाला. “ठेवा तुमचं दूध,” ती म्हणाली, टोमणा न मारता. काकांनी पातेलं खालीच ठेवलं. केस ती घट्ट आवळून बांधू लागली. मुलाचा वाटेतून फोन आला की ‘सगळं ठीक ना?’ असं तो विचारायचा, आणि काका ‘हो हो’ म्हणून घाईने फोन सुनेकडे द्यायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं होतं. कुणी साधं पाणी मागितलं तरी ते दचकायचे.

तीनेक आठवडे असेच गेले. एका सकाळी काकांना ओळखीचा वास आला. गरम इस्त्रीखाली ओल्या कापडाला येतो तसा, पण जास्त उग्र. सून आरशासमोर उभी होती. कुणाकडून तरी केस सरळ करायचं यंत्र आणून ती अर्धवट ओली बट त्यात दाबत होती. वाफ निघाली, चर्र आवाज आला.

“ओल्यावर एवढं तापवून नको लावू,” काकांच्या तोंडून गेलं. “जळेल.”

“जळू दे. कापड नाहीये ते.”

“पोरी, थांब.” काकांनी दाराची चौकट धरली. “तुझ्या जेलमध्ये खोट नव्हती. ते तुझं जेलच नव्हतं. ती खळ होती. माझी.”

तिने यंत्र बंद केलं. काकांनी सगळं सांगितलं, कोपर लागण्यापासून लव्हेंडरच्या थेंबांपर्यंत. बरं वाटलं होतं तेही सांगितलं. ते सांगताना त्यांनी खाली पाहिलं.

तिने तापलेलं यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, “सांडलं त्याचं काही नाही. कुणाकडूनही सांडतं. खळ घातलीत, तेही मी समजू शकेन एखादवेळी. पण बाबा, मी इथे बसून माझ्या हातांना शिव्या घालत होते. आणि तुम्ही मला म्हणालात, ‘असू दे, चुका माणसाकडूनच होतात.’ मला माफ केलंत तुम्ही!”

“सिस्टरला मी सांगतो,” एवढंच ते म्हणाले.

“सांगाच.”

ते त्याच दिवशी दवाखान्यात गेले आणि बाकावर पेशंटांच्या रांगेत बसले. सिस्टर डोळ्यांत औषध घालत घालत त्यांच्यापाशी आली. “काका, तुम्ही? मान वर करा.”

“डोळ्याचं काही नाही गं. मला तुझ्याशी बोलायचंय.”

औषधांच्या खोलीत उभ्या उभ्या काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. सिस्टरने हातातली बाटली टेबलावर आपटली. “ती बाई मला काय म्हणाली माहितेय? आजार आहे का! सगळ्यांसमोर! आणि त्यासाठी मी आशीर्वाद घेऊन गेले होते तुमचा.” तिचा आवाज बाहेर ऐकू जात होता. काका तसेच उभे राहिले. मग ती खुर्चीवर बसली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, “जागा भुग्यामुळे गेली नाही, काका. त्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत. मी अभ्यासच केला नव्हता. पण तुमच्या सुनेवर ढकललं की मला झोप लागायची. मला ठाऊक होतं, तरी मी तिला तसंच समजू दिलं.”

बाहेर सून कुणाचं तरी वय विचारत होती.

“म्हणजे आता मलाही तिच्यासमोर उभं राहायला हवं,” सिस्टर म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली. स्वयंपाकघरात दोघींचं काय बोलणं झालं ते काकांनी ऐकलं नाही; ते बाहेर पायरीवर बसून होते. आत आधी रडणं झालं, मग चढे आवाज, मग भांड्याचा आवाज.

पुढच्या महिन्यात सुनेने जवस आणि मलमलीचं नवं फडकं आणलं. काकांचे हात बळकट, म्हणून फडकं पिळायचं काम तिने त्यांच्याकडे दिलं. “आणखी पिळा. अजून आहे त्यात,” ती म्हणायची. ती त्यांच्याशी बोलते, वेळेवर चहा देते, मुलाला तिने काही सांगितलेलं नाही. पीळ आणि सुंभ यांचा विनोद काकांनी पुन्हा केला नाही.

सिस्टर पुन्हा जेल नेऊ लागली. पण आता बाटली हातात देण्याआधी सून त्यातलं बोटभर जेल स्वतःच्या मनगटावर लावते, ते पूर्ण वाळू देते आणि नखाने खरवडून बघते, भुगा निघतो का. ती हे लपूनछपून करत नाही, ओट्यापाशी, काकांच्या देखतच करते. काका तोवर फडकं धूत राहतात. फडकं कधीच स्वच्छ झालेलं असतं.