पोटुशीचं माहेर

रिठदच्या शिवारात माझ्यासाठी शेतातले उंदीर धरून देणारा तो माणूस बिळाला आधी कान लावायचा, मग बिळाशीच बोलायचा, "हायेस का घरी?" उंदीर हाती आला की शेपटीला दोरा बांधायचा. नाल्याच्या अलीकडच्याला पांढरा, पलीकडच्याला लाल. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती दोन वर्षं मी कॉलेजात त्या उंदरांची गुणसूत्रं तपासत होतो. हे उंदीर सहसा नाला ओलांडत नाहीत, म्हणून दोन काठांवरची गुणसूत्रं वेगळी, हे पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसलं. दुसऱ्या वर्षी सगळी सरमिसळ! काचपट्ट्या पुन्हा केल्या, दोरे पुन्हा ताडून पाहिले, तरी काही उमगेना.

शेवटी त्यालाच विचारलं, "दोऱ्यांची अदलाबदल झाली का हो?"

तो दुखावला. "नाई सर. दोरा कायले बदलू?" मग सहज म्हणाला, "पोटुशी सापडली त मी तुमाले देत नाई. नाल्यापार सोडून येतो, बाळंतपणाले माहेरी."

"आणि पलीकडे सापडली तर?"

"तिले इकडं आनतो."

म्हणजे मी नाल्यावर भरवसा ठेवून बसलो होतो आणि हा टोपलीत उंदरीण घेऊन माझ्यासमोरूनच तो ओलांडत होता. रागवावं की हसावं, समजेना. कसाबसा म्हणालो, "पण तिचं माहेर पलीकडेच, हे कशावरून?"

त्यानं माझ्याकडे अगदी काळजीनं पाहिलं आणि हळूच विचारलं, "एकाच शिवारात कोनी सोयरीक करते का, सर?"