न आलेल्या दिवसाची तारीख

आधी क्षमा मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि पत्रापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. तुमच्या सदरातले अनुभव मी वाचनालयात वाचतो. रागावू नका, पण त्यातले बरेचसे रचलेले असावेत असंच मला वाटत आलं. भुतंखेतं, अंगात येणं... यावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण एक गोष्ट घडली, आणि ती एकट्यानं वागवून मी थकलो आहे. म्हणून लिहितो.

मी धुळ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. घर एरंडोलजवळच्या खेड्यात. एरंडोलमध्ये माझी आत्या तिच्या सासरी राहते, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिचे यजमान, नाना, ट्रकवर ड्रायव्हर होते. मी चौथीत असताना ते माल घेऊन सुरतेला गेले. माल उतरला, ट्रकही परत आला — दुसऱ्याच ड्रायव्हरनं आणला. नाना कुठे गेले ते कोणालाच सांगता आलं नाही. शोधून झालं, पोलिसांत कळवून झालं, देवाला कौल लावून झाला. पुढे हळूहळू त्यांचं नाव घेणंही कमी झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, पुढ्यात पुरणपोळी नि आंब्याचा रस. नानांच्या नावानंही भरावी असा आक्काचे धाकटे दीर, भाऊ, यांचा आग्रह होता. माणूस वाईट नाही. आपला भाऊ तिकडे तहानलेला असेल, असं त्यांना मनापासून वाटे. पण घागर भरली की आक्कानं कुंकू पुसायचं. ती दरवर्षी म्हणायची, पुढल्या आखाजीला बघू. बायका पाठीमागे विचारायच्या, ही कुंकू लावते ते जित्याचं की मेल्याचं. गेल्या वर्षी भाऊंच्या मुलाचं लग्न ठरलं, आणि पितर उपाशी ठेवून घरात लग्न करायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्याच सुमारास माझा प्रोजेक्ट चालू होता. माणसं तारीख कशीही लिहितात. कोणी मध्ये टिंब देतो, कोणी तिरकी रेघ, कोणी महिना अक्षरात लिहितो, कोणी वर्षाचे दोनच आकडे. काहीही टाइप केलं तरी कॉम्प्युटरनं ते ओळखून एकाच पद्धतीनं दाखवायचं, एवढंच माझ्या प्रोग्रामचं काम. तपासायला माहिती हवी म्हणून मी नातेवाइकांची नावं भरली — नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. जिवंत माणसांची शेवटची जागा रिकामी सोडायची. रिकाम्या जागी पडद्यावर नुसत्या दोन तिरक्या रेघा दिसतात.

सरांनी ते पाहिलं आणि हसले. म्हणाले, "तुझी जन्मतारीख एक जून, तुझ्या बापाची एक जून, माझीपण एक जून. गुरुजींच्या कृपेनं खान्देशात इतर दिवशी कोणी जन्मतच नाही."

नानांची मृत्यूची जागा मी रिकामी सोडली होती. तिथे तारीख आली. तेवीस मे, त्याच वर्षाची. तेव्हा होळीसुद्धा झालेली नव्हती.

आधी वाटलं, माझीच चूक. हे यंत्र मुळात अमेरिकन पद्धतीनं चालतं, महिना आधी आणि दिवस नंतर. त्यावरून मी आधीही पुष्कळ डोकं फोडून घेतलं होतं. पण तेवीस हा महिना होऊच शकत नाही, म्हणजे अदलाबदल नव्हती. मग वाटलं, कॉम्प्युटरच्या घड्याळातून काही घुसलं असेल. तर आमच्या लॅबच्या त्या मशीनची बॅटरी मेलेली. रोज सुरू केलं की ते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी दाखवायचं. चालू वर्ष कोणतं हे त्याला आम्हीच सांगायचो. मी नानांचं नाव पुसून पुन्हा भरलं. दुसऱ्या फ्लॉपीवर घेतलं, दुसऱ्या मशीनवर चालवलं. आईवडिलांपुढे, माझ्यापुढे, सगळ्या जिवंत माणसांपुढे नुसत्या रेघा. नानांपुढे तेवीस मे. सरांनी माझा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मेमरीत कचरा असेल रे. फार विचार करू नकोस." पण कचरा इतका नीटनेटका असतो का, हे त्यांना विचारायचं मला धैर्य झालं नाही.

आखाजीच्या आधी गावी आलो तेव्हा आक्काला सांगावं की नाही, कळेना. शेवटी एरंडोलला जाऊन सांगितलं. जागा मृत्यूच्या तारखेची आहे, हेही सांगितलं. लपवणं जमलं नाही. ती गहू निवडत होती. हात थांबले.

"तो दिन आजून ऊना नही ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, अजून यायचा आहे.

"मंग मी आते घागर कशी भरू?"

मी पुष्कळ समजावलं. आक्का, हे यंत्र आहे, त्यात चुका होतात, ही चूकच आहे. ती पुन्हा गहू निवडायला लागली.

आखाजीच्या दिवशी आक्काच्या घरात पाहुणे जमले होते. भाऊंनी कुंभाराकडून घागर आणून ठेवली होती. आक्का तिला हात लावेना; तारखेचं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, पोऱ्यानं मशीन खरं, आन आम्ही बठ्ठा खोटा का?"

"बठ्ठा खरा शेतस, भाऊ," ती म्हणाली, म्हणजे सगळेच खरे. "पन घागर ऱ्हाऊ द्या."

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. एका बाईचं आयुष्य माझ्या अर्धवट प्रोग्रामवर टेकलं होतं.

तेवीस मेला मी मुद्दाम एरंडोलला गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आक्कानं चहा केला. दिवसभर दारातून कोणी आलं नाही, काही झालं नाही. संध्याकाळी तिनं अंगणात पाणी मारलं, मी एसटीनं परत गेलो. जूनमध्ये लॅब उघडली, प्रोग्राम चालवला. नानांपुढची जागा रिकामी होती. दोन तिरक्या रेघा, बाकी सगळ्यांसारख्या. मी एक अक्षर बदललेलं नव्हतं. सर म्हणाले, गेली ना चूक, मग सुटलास. परीक्षेत मला चांगले मार्क मिळाले.

मी पुस्तकं चाळली, जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊनही विचारलं. तिथले हसले.

यंदा आखाजी जवळ आली असताना नरडाण्याचा एक म्हातारा ड्रायव्हर आक्काच्या घरी आला; मी तेव्हा तिथेच होतो. नानांबरोबर त्यानं पूर्वी गाड्या चालवल्या होत्या. गुजरातेत राजपिपळ्याकडच्या एका देवळात तो मुक्कामाला थांबला होता. तिथल्या महाराजांनी त्याची बोली ऐकून विचारलं, एरंडोलकडचा का? आमच्याकडे एक होता. कितीतरी वर्षं देऊळ झाडायचा, वाटसरूंना भाकरी करून घालायचा, घरचं कधी बोलला नाही. शेवटच्या तापात फक्त गावाचं नाव घेतलं. त्याचा ट्रकवरचा फोटो अजून तिथे होता, आणि म्हाताऱ्यानं नानांना ओळखलं.

भाऊ भिंतीला टेकून रडत होते. आक्कानं विचारलं, कधी? महाराजांनी तिथीच सांगितली होती — गेल्या सालची वैशाख वद तेरस, म्हणजे वद्य त्रयोदशी.

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. खिळ्याला जुनं कॅलेंडर अजून होतं, त्यावर यंदाचं चढवलेलं. मी पानं उलटून बोट ठेवलं आणि तिला सांगितलं. तेवीस मे.

तिनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे मांगली आखाजीले त्या जित्ता व्हतात."