समासातलं कारण

वसुधाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या प्रयोगशाळेत रंगाच्या एका नमुन्याचा दाटपणा मोजत होते. फोन मोहनकाकांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा होता. "केतकी, झालं," एवढंच ते म्हणाले. यंत्र आपलं काम करतच होतं. फोन ठेवून मी पडद्यावरचा आकडा नोंदवहीत उतरवला, तो शेजारच्या नमुन्याच्या रकान्यात गेला. आमच्याकडे चूक पुसत नाहीत, पांढऱ्या शाईखाली लपवतही नाहीत. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी सही आणि तारीख, आणि समासात कारण. मी रेघ मारली, सही केली. कारणाची जागा कोरी राहिली. आमचे विभागप्रमुख मॅथ्यूसर दारातून माझ्याकडे पाहत होते. "यल्ला, तुम निकलो," ते म्हणाले, "सँपल मैं देख लूँगा."

ही रेघ मला सर्वांत आधी आत्यानेच दाखवली होती. तिच्याच बातमीने ती मारायला लावावी, ह्याला मी योगायोग म्हणते. आत्या असती तर तिने ह्या शब्दाचा पुरावा मागितला असता.

मी शाळेत असताना एका सुट्टीत तिच्याकडे दुबईला आले होते. गणिताचं चुकलेलं उदाहरण खोडत बसले होते, तर तिने माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं. "पुसू नकोस, रेघ मार. कुठे चुकलीस ते उद्या कसं कळेल तुला?" त्या वेळी हा शिक्षिकेचा खाक्या वाटला, आणि ती शिक्षिका होतीच, लग्न होऊन पुण्याहून आल्यापासून निवृत्तीपर्यंत तिने ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवला. पण त्या वाक्याचा उगम वर्गात नव्हता. तो मध्ययुगीन इंग्लंडच्या राजाच्या दप्तरात होता, हे मला नोकरीसाठी इथे आल्यावर, दर शनिवारी तिच्याकडे जेवायला जाऊ लागल्यावर समजलं.

तो विषय थोडक्यात असा. राजाच्या नावाने जी पत्रं आणि हुकूम निघत, त्यांची नक्कल राजाच्या कचेरीतले कारकून लॅटिनमध्ये मेंढीच्या कातड्यावर उतरवून ठेवत. एक कातडं भरलं की त्याच्या पायथ्याला दुसरं शिवायचं, आणि वर्षभराची अशी एक लांबलचक गुंडाळी करायची. पत्र ज्याचं त्याच्याकडे जाई. सरकारला काय आठवतं, ते ह्या गुंडाळीवरून ठरे. आत्याला रस होता तो रद्द केलेल्या नोंदींमध्ये. कातडं खरवडून अक्षर नाहीसं करणं सोपं होतं. परंतु अशी खरवडलेली जागा दिसली की पुढे वाद घालणाऱ्याला आयतं निमित्त मिळे. म्हणून रद्द करायच्या नोंदीवर तिरक्या रेघा ओढत, मजकूर वाचता येईल अशा, आणि समासात लिहीत: रद्द, कारण हीच नोंद दुसरीकडे आहे. रद्द, कारण पत्र पाठवलंच नाही. 'कारण' ह्या अर्थाचा लॅटिन शब्द 'क्विया'. त्या शब्दासाठी आत्याने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं दिली.

घरच्यांना हे कळत नसे. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, पुण्याहून फोनवर तिला छेडत. "वसू, इथे दप्तरखान्यात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल वाचणाऱ्याची वाट बघत पडलेत, आणि तू त्या गोऱ्या कारकुनांची उस्तवार करतेस?" त्यावर ती शांतपणे म्हणे, "दादा, तुझ्या रुमालांसाठी मला विमानाने यावं लागतं. हे मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचते." ते खरं होतं. त्या गुंडाळ्यांची छायाचित्रं तिच्या संगणकावर येत. ती त्यांच्या छापील प्रती काढून एकीला एक चिकटवी आणि जेवणाच्या टेबलावर उलगडी. जेवायच्या वेळी ते सारं इंग्लंड गुंडाळून फ्रिजवर ठेवावं लागे. मोहनकाका पाहुण्यांना सांगत, "आमच्या घरात तीन माणसं राहतात. मी, ही, आणि हिचा कारकून. तिघांत माझंच अक्षर वाईट."

हा कारकून हेच आत्याचं संशोधन होतं. समासातल्या टिपांमध्ये तिला एक हात, म्हणजे एकाच माणसाचं अक्षर, वारंवार दिसू लागला. 'क्विया'च्या पहिल्या अक्षराची, 'क्यू'ची, शेपटी तो डावीकडे नेऊन पुन्हा वर वळवी. ह्या खुणेवरून तिने त्याचा माग काढला. राजा मेला, त्याचा मुलगा गादीवर आला, कचेरीचे प्रमुख बदलले, शेपटी मात्र तशीच. तिचा निष्कर्ष असा की राज्याची स्मृती कचेरीच्या नियमांत नव्हती, ती एका निनावी माणसात होती. तो होता म्हणून दप्तर टिकलं. ह्यावर तिने पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधल्या एका विद्वत्प्रकाशनाने ते स्वीकारलं. आणि त्याच सुमारास तिच्या स्वादुपिंडातला कर्करोग उघड झाला. डॉक्टरांनी उपचारांबद्दल सविस्तर सांगितलं, वेळेबद्दल आखडतं घेतलं. पुस्तक हातात घेऊन पाहता यावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने बोलून दाखवली नाही. काकांनी दाखवली, आणि अनेकदा.

मोजणीची कल्पना माझी. रंगाच्या थरावर पडणाऱ्या बारीक भेगांची सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं तपासून त्यांचे गट पाडणारा एक प्रोग्राम मी कामासाठी लिहिला होता. भेगेचं वळण आणि अक्षराचं वळण ह्यांत संगणकाच्या लेखी फारसा फरक नसतो. मला वाटलं, मोजमापाचा एक तक्ता परिशिष्टात जोडला तर तिचा दावा भक्कम होईल. आत्या म्हणाली, "मोज. न मोजता तुला अन्न गोड लागायचं नाही."

निकाल मी एका शनिवारी दुपारी सांगितला. ती कोचावर उशांना टेकून बसली होती, काका स्वयंपाकघरात कुकर लावत होते.

"दोन आहेत," मी म्हटलं.

"काय दोन?"

"हात. तुझा कारकून एक माणूस नाही, आत्या. दोघे आहेत."

आतून काका म्हणाले, "म्हणजे आता चौघांचा भात टाकू?" कोणी हसलं नाही.

"म्हातारा झाला असेल तो," आत्या म्हणाली. "वयाने हात बदलतो माणसाचा."

"तो हळूहळू बदलतो. इथे एका कातड्याच्या शेवटी एक वळण संपतं आणि पुढच्याच्या सुरुवातीला दुसरं चालू होतं. मधलं एकही नाही."

"टाक बदलला असेल."

"मग रेघेची जाडी बदलेल. वळण कशाला बदलेल?"

नंतर तिने जे केलं ते कोणत्याही चांगल्या परीक्षकाने केलं असतं. तिने स्वतः नमुने निवडले, त्यांवरचे वर्षाचे आणि गुंडाळीचे उल्लेख कापून टाकले, त्यांत तिसऱ्याच एका कारकुनाची अक्षरं मिसळली आणि सगळं मला पाठवलं. कोणतं कुठलं हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. प्रोग्रामने तिसऱ्याची अक्षरं वेगळी काढली आणि उरलेल्यांचे पुन्हा दोनच गट पाडले. निकाल पाठवल्यावर तिचा फोन आला. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

त्या आठवड्यात काका मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. एरवी ते दारातूनच हात हलवतात.

"केतकी, हे आत्ता सांगायची गरज होती का तुला?"

"काका, पुस्तक आल्यावर दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर?"

"तेव्हा ती नसती," काका म्हणाले.

लिफ्ट आली आणि मी खाली गेले. त्यांचं वाक्य खरं होतं. त्याने मोजमाप बदलत नाही, हेही तितकंच खरं.

आत्याने हे कळवलं तेव्हा प्रकाशनाच्या संपादिकेने मधला मार्ग सुचवला. जिथे जिथे 'एकच कारकून' असं आहे तिथे आधी 'बहुधा' घाला. पुस्तक ठरल्या वेळी निघेल. सुचवण्यामागे सद्भाव होता. काकांनी तर सुटकेचा निःश्वासच टाकला. "घाल ना गं एक शब्द! जन्मभर मला जे काही म्हणालीस त्यात एकदा तरी 'बहुधा' घातलंस?" आत्या हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, "अहो, हे 'बहुधा' म्हणजे खरवडणं. तिथे आधी काय होतं, ते का गेलं, काही कळायचं नाही."

तिने पुस्तक मागे घेतलं. मुख्य प्रकरणाची छापील प्रत मागवून घेतली, पाठीशी उशी घेऊन मांडीवर पाट ठेवला आणि पानापानावर तिरक्या रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या नाहीत. पहिल्या पानाच्या समासात लिहिलं आणि शेजारच्या खोलीत काकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचूनही दाखवलं: "रद्द. कारण हात दोन आहेत. मोजणी केतकीची, निर्णय माझा." त्या खोलीत टीव्ही चालू होता. काकांनी आवाज कमी केला, मग पुन्हा वाढवला.

त्यानंतर ती थकली, परंतु विझली नाही, हे मला नोंदवलं पाहिजे. पुढच्याच शनिवारी तिने मला संगणकापुढे बसवलं. "लिही. हे आधीच्यापेक्षा मोठं आहे." तिचा युक्तिवाद असा होता: पहिला माणूस गेला आणि दुसऱ्याने त्याचं वळण जवळजवळ तसंच उचललं. म्हणजे कोणीतरी त्याला शेजारी बसवून शिकवलं. दप्तर एका माणसामुळे टिकलं नाही. एकाने दुसऱ्याला तयार केलं म्हणून टिकलं. आपला जुना सिद्धान्त तिने स्वतःच उलटा केला, आणि तोही थोड्या उत्साहाने. ती सांगे, मी टंकलेखन करी, दमली की डोळे मिटून "क्विया..." म्हणे आणि पुढचं वाक्य शोधत राही. लेख लहान झाला. एका नियतकालिकाने तो स्वीकारल्याचं पत्र तिला वाचता आलं. पुस्तक झालं नाही. ह्या दोन गोष्टींची बेरीज करण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

ती गेल्यावर पहिलं काम आलं ते व्हिसा रद्द करण्याचं. इथे माणूस गेलं तरी ते आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. काका आणि मी सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथला केरळी माणूस भराभर टंकत होता. नाव, पासपोर्ट, पत्ता. मग पडद्याकडे पाहतच त्याने विचारलं, "कॅन्सल का रीझन, अंकल?" काकांनी तिचा पासपोर्ट माझ्याकडे सरकवला. मी कारण सांगितलं. त्याने यादीतून ते निवडलं, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि उरलेला अर्ज न बोलता पुरा केला. बाहेर गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "म्हणजे पुसत नाहीत तिला."

"नाही. नोंद राहते. रद्द म्हणून राहते."

"कारणासकट."

"हो, कारणासकट."

गाडी सुरू करण्याआधी त्यांनी सांगितलं, की महिन्याच्या दिवशी जवळच्यांना देण्यासाठी ते प्रकरण पुस्तिका म्हणून छापायचं त्यांनी ठरवलं होतं. आधीचं, रेघांशिवायचं. संगणकावर ते अजून तसं होतं. "कोण मोजायला बसलंय आपल्या नातेवाइकांत?" ते म्हणाले. ते ठरवायचा अधिकार त्यांचा होता.

महिन्याच्या दिवशी मी काकांकडे ऊद मेथाला गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर पुस्तिकांचा गठ्ठा होता. ते प्रकरण होतं, आणि प्रत्येक पानावर तिच्या वाकड्या रेघा होत्या. समासही छापला होता. मागे तिचा लहान लेख जोडला होता. आत्याच्या एका मावसबहिणीने पान उलटून विचारलं, "मोहनराव, हे असं खोडलेलं का छापलंत?" काकांनी चष्मा लावला, बोटाने पहिल्या पानाचा समास दाखवला आणि म्हणाले, "कारण लिहिलंय ना तिने. वाच." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात: "केतकी, फ्रिजवरची गुंडाळी काढू नकोस हं. तिथेच बरी आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्याकडे अंतर्गत तपासणी झाली. मॅथ्यूसरांनी माझी नोंदवही समोर उघडून ठेवली. "यहाँ रीझन खाली है." अशा जागी आम्ही सगळेच एक ठरलेलं वाक्य लिहितो, वाचताना रकाना चुकला, आणि कोणी हरकत घेत नाही. मी त्या दिवसाची आणि आजची तारीख घातली आणि लिहिलं: नोंद करण्याच्या क्षणभर आधी आत्याच्या मृत्यूची बातमी आली.

सरांनी ते वाचलं. "इतना लिखना ज़रूरी है?"

"कारण तेच आहे, सर," मी म्हटलं, मराठीतच, आणि त्यांना समजलं. त्यांनी तपासणाऱ्याच्या जागी सही केली आणि वही परत दिली. रेघेखालचा आकडा अजून स्वच्छ वाचता येतो.