आत्याचा मान

बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या मुलीचं नाव आत्यानं ठेवलं नाही. तशी व्यवस्था मी केली होती.

सातव्या महिन्यात सांगलीच्या डॉक्टरांनी माझं बीपी दोनदा मोजलं, थोडं थांबून तिसऱ्यांदा मोजलं आणि गोळ्या लिहून दिल्या. चुकवायच्या नाहीत. डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं, तर तडक यायचं. पुढच्याच आठवड्यात डोहाळजेवणासाठी मी कडेगावजवळ सासरी गेले. नवरा सैन्यात, तेव्हा सीमेवर. सासू थकलेल्या. घर चालायचं ते गावातच दिलेल्या थोरल्या नणंदेच्या शब्दावर.

माझे सुजलेले पाय पाहून ती खूश झाली. आईचे पाय भरले म्हणजे पोर अंगानं भरतंय, असं तिचं म्हणणं. मग तिला गोळ्या दिसल्या.

“गरम पडत्यात वयनी. पोर वाळंल पोटात. म्या तीन काढली, एक गोळी खाल्ली न्हाई.”

दुपारी पाकिटं उकिरड्यावर होती. मी ती पाहिली, उचलली नाहीत. चार दिवसांनी सांगलीला परतायचंच होतं. हेही इथे लिहायला हवं.

चौथ्या दिवशी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसले असताना डोळ्यांपुढे ठिणग्या उडू लागल्या. मी तसं सांगितलं. नणंद म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून होईपर्यंत तिनं मला उठू दिलं नाही. त्यानंतर दिरानं गाडी काढली. सांगलीत पोचले तेव्हा बीपी एकशे ऐंशीवर होतं. तासाभरात सिझेरियन झालं. मुलगी तेराशे ग्रॅमची.

बीपी वाढलं की वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, त्याची वाढ खुंटते, डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे पोर वाळतं ते बीपीनं. मी विचारलं, गोळ्या चालू असत्या तर? ते म्हणाले, वाढ आधीपासूनच कमी होती, पण पोटात आणखी काही दिवस मिळाले असते कदाचित. अशा बाळाला एकेक दिवस मोलाचा असतो.

ते न मिळालेले दिवस माझ्या मुलीनं काचेच्या पेटीत काढले. श्वासाला नळी, नाकातून पोटात दुसरी नळी. साखर उतरायची, म्हणून टाचेला सुई टोचून रक्त घ्यायचे. टाच माझ्या नखाएवढी. दिवसपाळीची एक सिस्टर कापसाच्या बोळ्यानं ती टाच दाबून धरायची आणि बाळाशी बोलत राहायची. नणंद एकदा येऊन काचेतून पाहून गेली. बाहेर तिनं सासूंना सांगितलं, गोळ्यांनीच वाळलं बघ.

ते मी ऐकलं. बारशाचं तिथेच ठरलं.

बारसं सासरीच केलं, सगळी भावकी बोलावून. नवरा सुट्टीवर आला होता. नणंद चांदीचे वाळे आणि पाच फ्रॉक घेऊन आली. पाळण्याचे सोपस्कार झाले आणि ती बाळाच्या कानाशी वाकली, तेव्हा मी तिला थांबवलं. सांगलीहून बोलावून आणलेल्या त्याच सिस्टरला पुढे केलं.

“आत्या म्या हाय का ती?” नणंदेनं विचारलं.

“वन्सं, तुमचा मान तुम्ही गोळ्यांबरोबर उकिरड्यावर टाकलात. चार दिवस तिथेच पडला होता. मी पाहिलाय.”

मी आवाज चढवला नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सिस्टर अवघडली होती, पण तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के पडायला हवे होते. कुणाचाच हात उठला नाही, मग मीच एक मारला.

नणंद न जेवता उठली. दारात तिचा पदर डोळ्यांना लागला होता, एवढं मी पाहिलं. नवरा तिला घरी पोचवून आला. पायरीवर बसला. मग म्हणाला, “झालं समाधान?”

मुलगी मांडीवर पीत होती. दर दोन घोटांनी दमून थांबत होती. ती पुन्हा ओढायला लागेपर्यंत मी वाट पाहिली.

“नाही,” मी म्हणाले.